सिंकवरचा कोरडा नळ

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिताना वाचत आले आणि मनात म्हणत आले, लोकांना वेळ बरा मिळतो! मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत-बित, आत्मा-बित्मा असलं कुणी बोलायला लागलं, की मी त्याला उठवून कामाला लावते. आता मीच लिहायला बसलेय… हसायचं तर हसा.

घर भोपाळला, सोनागिरीत. बाबा कारखान्यात नोकरीला होते तेव्हा त्यांनी बांधलेलं. ते गेल्यावर आई तिथे माझा धाकटा भाऊ मिलिंद आणि वहिनी शिल्पा यांच्याबरोबर राहायची. तिचं हृदय कमजोर झालं होतं, अंगावर सूज यायची, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजूनमापून द्यायला सांगितलं होतं. ती गेली तेव्हा मी नागपूरला, लेकीच्या बाळंतपणात अडकलेली. मिलिंदचा फोन आला, "ताई, आई गेली गं. पलंगावर, अगदी शांतपणे. मी गंगाजल घातलं तोंडात."

काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू ज्यांच्या देवघरात असतो, त्यांना कळेल या वाक्याची किंमत. तो गडू शेवटच्या घोटासाठीच जपतात. आई तो चिंचेने लख्ख घासायची आणि म्हणायची, "हा माझा हं, कुणी हात लावायचा नाही." मी पोचले नाही, पण तिचं पाणी तिला मिळालं, एवढ्यावर मी स्वतःला सावरलं. मिलिंदचं चारचौघांत कौतुक करत फिरले.

पुढे त्याची पुण्याला बदली झाली आणि आम्ही नवरा-बायको भोपाळमधलंच शिवाजी नगरचं क्वार्टर सोडून या घरात राहायला आलो. स्वयंपाकघर बाबांच्या काळातलंच. पिण्याच्या पाण्यासाठी सिंकवर वेगळा नळ घ्यायचं ठरवलं. फिल्टरचं मशीन सिंकखाली, वर फक्त बारीक मानेचा नळ.

प्लंबर रईसभाई आले, त्यांनी पाहिलं आणि डोकं खाजवलं. "दीदी, सिंक पुराना है. इसमें तो छेद ही नहीं है, करना पड़ेगा."

छेद केला, नळ बसला. पण खाली जोडणी करताना भिंतीतला, सिंकचं पाणी बंद-चालू करायचा जुना कॉक गंजून त्यांच्या हातातच आला. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करून ते म्हणाले, "नया लेकर आता हूँ. तब तक पूरे घर में पानी नहीं आएगा." आणि गेले. नवीन नळाची पांढरी नळी खाली नुसती लोंबकळत होती.

भर दुपार. घरात मी एकटी. म्हटलं, तोवर सिंकखालचं कपाट आवरू. फिनाइलच्या बाटल्यांमागे हात घातला तर काहीतरी गार लागलं. आईचा गडू! काळा पडलेला, पण तोंड जसंच्या तसं झाळलेलं. हलवला… आत पाणी डचमळलं.

मी तिथेच फरशीवर बसले. मग उठून मिलिंदला फोन लावला आणि स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला.

"मिलिंद, आईला गंगाजल कुठलं घातलंस रे?"

"गडूतलं, अजून कुठलं? सांगितलं होतं ना तेव्हाच. आज का एकदम?"

आणि नव्या नळातून पाणी पडायला लागलं.

मी आधी नळ बंद करायला गेले. तो बंदच होता. खाली वाकून पाहिलं, नळी कशालाच जोडलेली नाही. टोकाला बोट लावलं, कोरडं ठणठणीत. शेजारचा जुना नळ उघडला, थेंब नाही. आणि या नव्या नळातून मात्र धार लागलेली.

"ताई, पाण्याचा आवाज येतोय. कुठे आहेस तू?"

"सिंकपाशी."

पलीकडून तो एकदम घाबऱ्या आवाजात, "नळ बंद कर ना. प्लीज."

"बंदच आहे. तू गंगाजलाचं बोल."

"घातलं गं मी! पलंगावर होती, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन…"

धार अशी वाढली, की सिंकबाहेर उडून माझी साडी भिजली. आणि मिलिंद लहान मुलासारखा रडायला लागला.

"पलंगावर नव्हती गं ती. तिथेच होती, तू उभी आहेस तिथे. शिल्पाच्या बहिणीचा साखरपुडा होता, आई झोपली होती म्हणून आम्ही दोघं जाऊन आलो. ती चोरून पाणी प्यायची ना, म्हणून माठ रिकामा केला, बाटल्या कपाटात बंद केल्या… आणि सिंकखालचा कॉक बंद केला. आलो तर सिंकला टेकून बसलेली. वरचा नळ पूर्ण उघडा होता, ताई."

पाणी थांबलं.

"आणि गडू?" मी विचारलं.

"गेलीच होती ती. मग काय उपयोग, म्हणून फोडला नाही."

मी फोन ठेवला. रईसभाई आले ते दारातच थबकले. "दीदी, इतना पानी कहाँ से आया?" धावत गच्चीवर जाऊन पाहून आले. वॉल्व्ह घट्ट बंद.

ते पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. नळीत साठलेलं असेल म्हणावं, तर नळी कोरडी होती. हवेचा दाब, सायफन, सगळं लावून पाहिलं. मुलांना शिकवते त्यातलं काहीच बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मला मात्र राहूनराहून चीड येते ती त्या शांत आवाजातल्या फोनची. माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं, आणि मी त्याचे आभार मानले.

भाऊबीजेला मिलिंद आला. पाट मांडलेला होता, त्यावर बसलाही. माझा हात निरांजनाकडे गेला नाही. तो हळूच म्हणाला, "ताई, पाणी देतेस?"

मी जागची हलले नाही. तो स्वतःच उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि आत पाऊल न टाकता तसाच तहानलेला परत फिरला.