आधी आईच्या ताटात

आई धावड्याहून नवीन जालन्यात आमच्याकडे राहायला आली ती म्हातारं कुत्रं घेऊनच. वडील गेल्यावर तिच्या सोबतीला तेवढंच उरलं होतं. गावाकडे ते भाकरी-कालवणावर चांगलं पोसलेलं. इथं आल्यावर सुकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकलीत, मीठ-तिखट बंद. कुत्र्यांसाठीचं पिशवीतलं तयार खाणं सुरू करा, पण एकदम नको. जुन्यात थोडं थोडं मिसळून वाढवत न्या.

मी इमानेइतबारे मिसळत होतो. कुत्रं त्याहून इमानेइतबारे दाणा न दाणा बाहेर काढून नुसती भाकरी खात होतं. त्यात भर आईची. जेवायला बसली की ताटातला पहिला घास कुत्र्याला, हा तिचा आयुष्यभराचा नेम. तोही रश्श्यात बुडवलेला. एकदा मी ओरडलोच, "माय, तूच मारशील त्याला!"

"मुक्या जिवाला घास काढल्याबिगर माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई," ती म्हणाली आणि भरलं ताट सरकवून उठली.

मग दोघंही उपाशी. कुत्रं थाळीकडे पाठ करून, आई भिंतीकडे तोंड करून. मी समजूत तरी कोणाची काढायची? दोघांचा संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. कुत्रं गेलं असतं तर आई या घरात टिकली नसती.

शेवटी एका दुपारी वैतागून मी पिशवीतले मूठभर दाणे थेट आईच्या ताटातच वाढले, भाकरीच्या शेजारी. "घे, काढ आता घास!"

वाटलं, ताट भिरकावून देईल. तिनं त्यावर थोडं पाणी शिंपडलं, दाणे बोटांनी कुस्करले आणि हात पुढे केला. कुत्र्यानं हात चाटूनपुसून साफ केला. मग ती जेवली.

तेव्हापासून दोन्ही वेळा आईच्या ताटात आधी कुत्र्याचं खाणं, नंतर भाजी. कुत्र्यानं पुन्हा अंग धरलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

परवा गावाकडचे चुलते नेमके जेवणाच्या वेळी आले. मी कुत्र्याचं चित्र असलेली पिशवी आईच्या ताटात रिकामी करत होतो. ते दारातच थबकले, आणि "गाडीचा टाइम झाला" म्हणून पाणीही न घेता परत फिरले. ते गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. संध्याकाळी मामांचा फोन.

"लाज न्हाई वाटत? सख्ख्या मायला कुत्र्याचं खायाला घालून राह्यला?"

मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ते ऐकतील तर शपथ. शेवटी ताटावर बसलेल्या आईच्या हातात फोन कोंबला. "आता तूच सांग, बाई!"

आईनं फोन कानाला लावला.

"व्हय, वाढतो की. बराबर दोन्ही टाइम वाढतो. ठेव आता जल्दी, कुत्रं ताटकळून राह्यलंय."