वाटोबाच्या पाठीवरची पणती

देवापेक्षा माझा माझ्या मोटारीवर जास्त भरवसा होता. चिंचवडच्या एका कंपनीत टर्नर असताना मी ती मोडकळीला आलेली गाडी घेतली, इंजिन स्वतः उघडून जुळवलं आणि सुटीच्या दिवशी जुन्या रस्त्यांवरच्या विहिरी, धर्मशाळा, मैलाचे दगड बघत हिंडू लागलो. ते वेड वडिलांमुळे लागलं. ते पाथरवट होते. नाशिक रस्त्याचे कितीतरी मैलाचे दगड त्यांनी घडवले. प्रत्येकाच्या पाठीला, तळाशी, मुकादमाचा डोळा चुकवून ते एक छोटी पणती कोरायचे.

वडील गेले, मैल जाऊन किलोमीटर आले, जुने दगड उखडले गेले. आईचे मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, "डोळ्याचं काय व्हायचं ते हुईल. त्याच्या आदी ह्यांच्या हातचा एक तरी दगड मला दाव." मोशीपासून चाकणपर्यंत आम्ही दोनदा गेलो. एकही दगड दिसला नाही. परतताना कुरुळीजवळ इंजिन तापून वाफा निघू लागल्या आणि माझा सगळा ताठा उतरला. मला रडू आलं. आईला कळू नये म्हणून मी बॉनेटखाली डोकं घातलं.

शेतातून एक बाई आली. "पानी हौदातलं घ्या, दादा. पर आदी वाटोबाच्या पाया पडा. डायवर लोक बी तसंच म्होरं जात न्हाईत."

लिंबाखाली शेंदूर फासलेला, वरून फुटलेला दगड होता. तिच्या सासऱ्यांना तो नांगरताना सापडला होता, आणि गाव त्याला वाटसरूंचा राखणदार मानत होतं. मी आईला हाताला धरून नेलं. वाकताना तोल सांभाळायला तिने दगडाला मागून धरलं आणि ती तशीच थांबली. बोटं तळाशी फिरत राहिली. शेंदूर न पोचलेल्या त्या जागी पणती होती.

बाईला सांगावं, हा माझ्या बापाने घडवलेला मैलाचा दगड आहे, असं अगदी ओठांवर आलं. आईने माझा हात दाबला. मग मीही डोकं टेकवलं. बापाचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. गाडी तिथेच का थांबली, हे मी इंजिनात शोधलं नाही. आजही ती बंद पडली की चिडण्याआधी मी हात जोडतो आणि आजूबाजूला बघतो.

निघताना बाईने सहज विचारलं, "आजी, तुमचा घरचा देव कंचा?"

आई पदर सावरत म्हणाली, "ह्योच."