नोंदवहीतले तीन वाचक

जिल्हा परिषदेच्या वाचनालयात एकवीस वर्षं नोकरी झाली, तरी मोतीकाकांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. जे काय केलं ते वहीपायी केलं.

अक्षर मोत्यासारखं म्हणून नाव मोतीकाका. बाकी माणसात मोत्याचं काही नव्हतं. पोट सुटलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं फटकळ. त्यांचा जीव मात्र दाराशी ठेवलेल्या वाचकांच्या नोंदवहीत. नाव, पत्ता, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही, असे पाच रकाने, सगळे पट्टीने आखलेले.

याला एक जुनी जखम कारण होती. नोकरीच्या सुरुवातीला एक लेखापरीक्षक आला. त्याने पुस्तकं पाहिली नाहीत, गळकं छप्पर पाहिलं नाही, वही पाहिली आणि शेरा मारला: "नोंदवहीत खाडाखोड. संबंधितास समज देण्यात यावी." समज देण्यात आली. मोतीकाकांना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की वहीत लिहील तो नीटच लिहील, नाहीतर लिहिणारच नाही.

निवृत्त पोस्टमनचा हात थरथरायचा. "असू दे, असू दे, तुम्ही आत बसा," म्हणत मोतीकाका वही ओढून घ्यायचे. सगळी वही काळ्या शाईत, आणि शाळेतली मुलं निळ्या पेनने लिहायची. असू दे. नर्सिंगची परीक्षा देणारी एक मुलगी घाईत सही करताना वरच्या ओळीत शिरली, तिला तर पुन्हा पेन मिळालंच नाही. आत रोज पन्नास-साठ माणसं बसायची. वहीत तीन: एक शाळामास्तर, एक बँकेतला जुना कॅशियर आणि पाट्या रंगवणारा एक पेंटर. पेंटर फक्त चित्रं बघायला यायचा, पण अक्षर काय सुरेख! संध्याकाळी तिसऱ्या नावाखाली मोतीकाका लाल रेघ मारायचे आणि समाधानाने घरी जायचे.

त्या वर्षी परिषदेला काटकसरीचा झटका आला. काटकसर कशी करावी याचा अभ्यास करायला अर्थ समिती तीन गाड्या घेऊन थंड हवेच्या ठिकाणी दोन रात्री राहून आली, आणि येताच तिने प्रत्येक सेवेचे आकडे मागवले. वाचनालयाचा आकडा वहीतून निघाला. रोजचे सरासरी वाचक, तीन.

"तीन माणसांसाठी चार पंखे?" समितीचे सभापती एसीच्या गारव्यात उद्गारले. सगळे हसले. वाचनालय बंद करण्याचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवायचं ठरलं.

नोटीस दारावर लागली तेव्हा मोतीकाकांनी ती दोनदा वाचली.

"अहो, मग लिहा की साठ नावं मागच्या पानांवर," घरी बायको म्हणाली.

"कशी लिहू? रोज खाली रेघ मारलीय."

"माणसं लांब ठेवलीत आणि वही जपलीत," ती म्हणाली. "आता वहीलाच बसवा खुर्चीत आणि वाचून दाखवा पेपर."

त्यांना फार लाज वाटली. त्यात दुसऱ्या दिवशी ती नर्सिंगवाली मुलगी समोर येऊन उभी राहिली. तिच्या घरी एक खोली, पाच माणसं आणि दिवसभर चालू टीव्ही. "काका, दोन महिन्यांनी परीक्षा आहे. तोवर तरी उघडं राहील ना?"

"राहील. मी बघतो," मोतीकाका म्हणाले. 'मी बघतो' हे शब्द त्यांनी जन्मात कुणाला दिले नव्हते.

सभेच्या दिवशी ते साठ वाचक घेऊन परिषदेच्या इमारतीत गेले. प्रेक्षक कक्षाच्या दारात पहारेकऱ्याने वही पुढे केली. सही केल्याशिवाय आत प्रवेश नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. पोस्टमनची सही तीन रकाने ओलांडून गेली, कुणी हिरव्या शाईने लिहिलं, कुणी दोन ओळी खाल्ल्या. मोतीकाकांच्या जिवाची घालमेल झाली, पण ते म्हणाले, "लिहा, लिहा, बिनधास्त लिहा."

वाचनालयाचा विषय सतरावा होता. त्याआधी सभागृहाच्या पडद्यांच्या रंगावर पाऊण तास खडाजंगी झाली. सतरावा विषय आला तसे मोतीकाका उभे राहिले.

"साहेब, ही साठ माणसं रोज येतात वाचायला."

"नोंद आहे?" सभापतींनी विचारलं.

"नाही साहेब. अक्षर वाईट, वही खराब व्हायची, म्हणून मीच करू दिली नाही."

सभागृह खो खो हसलं. मोतीकाकांचे कान तापले, पण ते बसले नाहीत.

"म्हणजे आम्ही तुमच्या तोंडावर विश्वास ठेवायचा आणि तुमच्याच वहीवर नाही?"

"समोरच आहेत ना साहेब. मोजा की."

"ती आजच्या सभेचे प्रेक्षक म्हणून मोजून झालीत," सभापती समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकच माणूस दोन ठिकाणी कसा मोजणार?"

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. दीड मिनिट लागलं.

मग आयत्या वेळचा विषय आला. पहारेकऱ्याची वही सभागृहात फिरली. एरवी शून्य असणारी प्रेक्षकसंख्या आज एकसष्ट! जनतेला कारभारात केवढा रस, आणि निम्मे लोक बिचारे उभे! सभापतींना भरून आलं. साठ खुर्च्या ताबडतोब मंजूर झाल्या. विकत घ्यायचीही गरज नव्हती, वाचनालयाच्या मोकळ्या होणारच होत्या. काटकसर ती हीच, असं म्हणून सदस्यांनी बाकं बडवली. एकवीस वर्षांचा अनुभव बघून प्रेक्षक कक्षाची नोंदवही मोतीकाकांकडे सोपवण्यात आली. पगार तोच, काम महिन्यातून एक दिवस, बाकीचे दिवस टपाल फोडायचं.

महिन्याने पुढची सभा भरली. मोतीकाका दारात वही घेऊन बसले. दोघेतिघे आले. पोस्टमन आला नाही. मग काखेत जाडजूड पुस्तकं घेऊन ती मुलगी आली.

"इथे वाचत बसलं तर चालेल ना, काका? मागे, कोपऱ्यात?"

"बस," मोतीकाका म्हणाले. तसं चालत नव्हतं.

"उद्या उघडं असतं का?"

"नाही गं. आता एकदम पुढच्या महिन्यात."

"परीक्षा त्याच्या आधी आहे."

मोतीकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चूक माझी झाली, पोरी," ते म्हणाले.

ती 'असू दे' म्हणेल असं त्यांना वाटलं होतं.

"हो," ती म्हणाली, आणि सही करून आत गेली.