कव्हर न करता घेतलेली राणी

कॅरमच्या पावडरीचा वास आला की मला डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली ती दुपार आठवते. बायको जाऊन सहा महिने झाले होते आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणायचे, म्हातारा खंबीर आहे, आणि मी चौथी शिकलेला गिरणी कामगार, मला त्याचाच गर्व. गॅलरीत शेजारच्या दोस्ताबरोबर डाव मांडला होता. त्याने राणी घेतली, कव्हर चुकलं, म्हणजे राणी परत बोर्डावर ठेवायची, तरी गड्याने ती खुशाल स्वतःकडे ठेवली. असल्या लबाडीवर पूर्वी मी दोनदा बोर्ड उलटा केलाय. त्या दिवशी नुसता बघत राहिलो. आत राग शोधला, तो सापडेना. म्हटलं, "राहू दे तुला." तसा तो ताडकन उठला, "अरे मेल्या, मुद्दाम केलंय मी! एक शिवी तरी घाल! किती दिवस बघतोय, ना हसतोस, ना भांडतोस." दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, रडू येतं का?" मी खेकसायला गेलो, तेही जमेना. म्हटलं, "काहीच येत नाही." त्या म्हणाल्या, "काहीच न वाटणं हेसुद्धा डिप्रेशनचं लक्षण असतं." वर्षभर गोळ्या खाल्ल्या. आजार होता आणि मी तो मर्दानगी म्हणून चाळभर मिरवला, याची आजही स्वतःवर चीड येते. येऊ दे. चीड तरी येते.