सबिलीच्या नळाचं पाणी

पर्यावरण रसायनशास्त्र मी निवडलं नाही, ते माझ्या वाट्याला आलं. एमएस्सीला ऑरगॅनिकच्या जागा भरल्या होत्या. बीडच्या कॉलेजातल्या क्लार्कनं माझा अर्ज परत सरकवत सांगितलं, एन्व्हायर्नमेंटल घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षापर्यंत घरी बसले असते तर लग्नाचं निघालं असतं, म्हणून मी मुकाट्यानं घेतलं.

अब्बांचं वडवणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेली बोअरची मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगायला सुरुवात केली की पोरगी पाण्याची डॉक्टर होणार. इकडे या डॉक्टरणीला पहिलं अर्धं वर्ष पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति लिटर या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. पाण्याच्या बाबतीत त्या एकच धरतात, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी उलट चिडले. मग दोन नावं कशाला? पुढे मर्यादाही दोन निघाल्या. एक, एवढ्यापर्यंत पाणी चांगलं. दुसरी, दुसरं पाणीच नसेल तर एवढ्यापर्यंत चालवून घ्या. या दोन्हींच्या मधलं पाणी चांगलं की वाईट, असं मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, परीक्षेत दोन्ही आकडे लिहायचे. वर्ग हसला आणि मी खाली बसले.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आलं. सरांनी सांगितलं, आपापल्या गावच्या तीन बोअरचं पाणी आणा आणि फ्लोराइड मोजा. हाडं आणि दात धरणारं ते फ्लोराइड. माझा तिसरा बोअर कुठला असणार, हे ठरलेलंच होतं.

आमच्या घराच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं एक नळ आहे. दादी गेल्या त्या वर्षी अब्बांनी तो त्यांच्या नावानं बसवला. वर दादींच्या नावाची छोटी पाटी लावली. आमच्याकडे तहानलेल्याला पाणी पाजणं हा मोठा सवाब मानतात, आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाच्या पदरी पडतं. अशा पाण्याच्या सोयीला सबील म्हणतात. गल्लीतली सगळी घरं, आमची आणि हिंदूंचीही, पिण्याचं पाणी इथूनच भरतात. एका कडक उन्हाळ्यात या नळाचा बोअर आटला तेव्हा नळ बंद पडू नये म्हणून अब्बांनी बोअर बराच खोल नेला. पुन्हा पाणी लागलं त्या दिवशी ते दुकान बंद ठेवून नळापाशी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

दुसरे दोन बोअर आमच्यापेक्षा उथळ, त्यांचे नमुने मी स्वतः भरले. आमच्या बोअरचा राहिला, कारण मी घरी होते तो पूर्ण रविवार लाईटच नव्हती आणि मोटार चालेना. बाटली अम्मीजवळ देऊन मी हॉस्टेलला परतले. दोन दिवसांनी अब्बा तांब्याची तार घ्यायला बीडला आले, तेव्हा भरलेली बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आले.

फ्लोराइड मोजायची आमची पद्धत उलटी. नमुन्यात एक लाल रंगाचं द्रावण घालायचं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका तो लाल फिका पडतो. हे शेवटपर्यंत माझ्या अंगवळणी पडलं नाही. गडद दिसलं की काळजात धस्स व्हायचं, मग आठवायचं की गडद म्हणजे चांगलं. पहिल्या दोन बोअरचा रंग जरासा उतरला, म्हणजे पाणी मर्यादेच्या आतलं, पण काठावरचं. आमच्या पाण्याचा लाल मात्र तसाच राहिला, जवळजवळ साध्या डिस्टिल्ड पाण्यासारखा. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. न राहवून अब्बांना फोन लावला आणि सांगितलं की आपलं पाणी सगळ्यांत चांगलं निघालं.

चूक केली ती हीच. अब्बांनी संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीत सांगितलं. पलीकडच्या गल्लीत माझा दुसरा बोअर होता, तिथल्या लोकांनाही त्यांनी बोलावलं, की तुमचं काठावर आहे, आमच्याकडून न्या. लोक घागरी आणि कॅन घेऊन यायला लागले.

इकडे सरांनी माझी वही पाहिली आणि भुवया उंचावल्या. आमच्या पाण्याचा पीएच बोअरच्या मानानं फारच कमी, सल्फेट भरमसाट. सर म्हणाले की मराठवाड्यातल्या बोअरला असं पाणी लागत नाही, बाटली कशात धुतली ते आठवा. मी बाटली धुतलेली आठवत होते. अॅसिडनं, मग डिस्टिल्ड पाण्यानं, मग पुन्हा. मला काही केल्या उमगेना. आकडे खोटे की मी खोटी, याचा विचार करून डोकं पिकलं.

उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरात. पुढच्या रविवारी घरी गेले तर मामूंकडचे पाहुणे यायचे होते. अम्मी घागरीतल्या पाण्यात तुरटीचा खडा गरागरा फिरवत होती. आमच्या घरात पाहुण्याला कधी कच्चं पाणी देत नाहीत. आधी तुरटी, मग रात्रभर निवळू द्यायचं, मग वरचं नितळ फडक्यातून गाळून घ्यायचं. मी पाहत उभी राहिले. मग विचारलं, माझ्या बाटलीत पण हेच केलं होतं का.

"मग? मोटार चालू केली की पयलं माती येती. तुझ्या सरासमोर गढूळ पाणी कावून पाठवू? लई खडा फिरवला, चांगलं नितळ केलं."

मला आधी हसू आलं. तुरटीनं पीएच उतरतो, सल्फेट वाढतं, फ्लोराइड गाळासोबत खाली बसतं, आणि जी थोडी तुरटी पाण्यात राहते ती रंगाला फिकं पडू देत नाही. वर्षभरात एवढं सगळं एकदम कळण्याची ही पहिलीच वेळ. मग बाहेरून नळाचा आवाज आला आणि माझं हसू थांबलं.

अम्मीला काही बोलले नाही. तिनं माझी लाज राखली होती. दुपारी लाईट आली तेव्हा स्वतः नळाखाली बाटली धरली. सोमवारी लॅबमध्ये लाल द्रावण घातलं आणि रंग डोळ्यांदेखत फिका पडला. दुसऱ्या दोन्ही बोअरपेक्षा कितीतरी फिका. आकडा दोन्ही मर्यादांच्या वर होता. या वेळी गडद चांगलं की फिकं चांगलं, याचा माझा घोळ झाला नाही.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांनी शेवटच्या तासाला न बसता एसटीनं घरी गेले. अब्बा दुकानात एका मोटारीचं वाइंडिंग भरत होते. मी सगळं सांगितलं, तुरटीचं, रंगाचं, मर्यादांचं. ते तार गुंडाळत राहिले. मध्येच विचारलं की पोरांच्या दातावर पिवळे डाग पडतात ते यानंच का. मी हो म्हटलं. गल्लीतल्या कुणाकुणाचे दात त्यांच्या डोळ्यासमोर आले असतील, कारण माझ्याही आले. मला रडू येत होतं आणि दुकानात गिऱ्हाईक होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"हे वरच्या पाण्यात असतं, का खालच्या?"

दोन वर्षांत मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला विचार न करता येत होतं. दोन्ही उथळ बोअर मर्यादेच्या आत होते. खोल फक्त आमचा होता, अब्बांनीच नेलेला.

"ते अजून कळलं न्हाई, अब्बा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी घरी येताना दुकानातला पाना घेऊन आले. नळाची चावी काढली, पाईपाला बूच मारलं आणि दादींच्या नावाची पाटी उतरवून घरात आणली. अम्मीनं ती पदरानं पुसून कपाटावर ठेवली. पाणी भरायला आलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नळापाशी उभ्या होत्या, आणि त्यांना काय सांगायचं ते अब्बांनी माझ्याकडे पाहून विचारलं.