वाघोबाचा पहिला थेंब

मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास आला की तळेघरच्या मामाचा मला अजून राग येतो. मामीनं वारकऱ्यांची माळ घातली आणि मामानं घरी मोहाची दारू गाळायची कायमची बंद केली. म्हणून मी पुण्याहून खास मोहाची क्राफ्ट बिअर आणली, बस चुकल्यावर चढावरून घामाघूम होत पोचवली. मामा बाटली घेऊन थेट बांधावरच्या वाघोबा देवाकडं गेला, कारण पहिला थेंब त्याचा. देवाच्या दगडावर थोडी ओतली, तर नुसता फेस, जिरता जिरेना. मामा वाट बघत बसला. शेवटी म्हणाला, "भाच्या, देव तोंड लावंना. त्यानं नाय घेतली ती आपुन कशी घ्यायची?" आणि अख्खी बाटली गवतात ओतली! परवा पबात तीच बिअर पुढ्यात आली. चरफडत ग्लास उचलला, आणि टेबलाखाली पहिला थेंब सांडून तो जिरायची वाट बघत बसलो.