चित्र चढवणारी पल्लवी

पेठकडच्या डोंगरातून लग्न होऊन नाशकात आलेली पल्लवी अंबडच्या एका शेडमध्ये हेल्मेटवर चित्रं चढवायची. वाघाचा जबडा, ज्वाळा, मोरपिसं, गिऱ्हाईक मागेल ते. चित्राची पातळ फिल्म कोमट पाण्याच्या टाकीवर अलगद पसरायची, ती मऊ पडली की वरून रसायनाचा फवारा मारायचा. फिल्म विरघळून पाण्यावर नुसता रंग तरंगायचा. मग हेल्मेट तिरकं धरून सावकाश बुडवायचं, की रंग आपसूक त्याच्या गोलाईला बिलगायचा. हात जरा हलला तरी वाघाचं तोंड वाकडं. पल्लवीचा हात कधी हलत नसे.

हल्ली मात्र ती टाकीपाशी अंग चोरून उभी राहायची. ढगळ कुर्त्याखाली तिनं सहावा महिना लपवला होता. आदल्या खेपेला आनंदानं सगळ्यांना सांगितलं आणि तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं. तेव्हापासून तिनं धसकाच घेतला होता, बोललं की जातं. नवरा दिनेश सोडला तर कुणालाच पत्ता नव्हता. फवारा मारताना ती श्वास कोंडून धरी. तरी घरी जेवताना भाकरीलासुद्धा त्या फवाऱ्याचा उग्र वास येतोय असं वाटे.

एका दुपारी फवाऱ्याची नळी फुटली. रसायन तिच्या छातीवर, पोटावर उडालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी हेल्मेटं घासणाऱ्या सगुणाबाईंनी तिला ओढत बाहेर आणलं, अंगावर बादलीभर पाणी ओतलं. ओला कुर्ता पोटाला चिकटला तशा त्या थबकल्या.

"पोरी, कितवा गं?"

"सहावा. मावशी, सकाळी हलत व्हतं. आता हलत नाय."

रिक्षात ती दोन्ही हातांनी पोट धरून "हल ना रे, हल ना" एवढंच म्हणत होती.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पोटाला जेल लावलं. पोटावर यंत्र फिरवत राहिल्या, पुन्हा मागे नेलं, पुन्हा दाबलं. पल्लवीला पडद्याकडे बघवेना. तिनं डोळे घट्ट मिटले.

"ऐका," बाई म्हणाल्या. घाईघाईची धडधड खोलीभर ऐकू आली. "ठोके चांगले आहेत. पण त्या फवाऱ्याजवळ आता अजिबात फिरकायचं नाही."

पल्लवी हमसून हमसून रडली.

"आधी सांगायचं नाही का?" मालक दीपकशेठ तिच्यावर ओरडले. मग त्यांनीच तिला दुसऱ्या खोलीत फिल्म कापायला बसवलं. पण भीती काही हटली नाही. आत गेलेल्या वासानं बाळाचं काय केलं असेल, हे तिनं डॉक्टरांना विचारलंच नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

मुलगी झाली. नाव ठेवलं सृष्टी. पल्लवीनं तिची बोटं, नखं, कानामागची कातडी, सगळं उजेडात धरून पाहिलं. कुठे काही नव्हतं.

दीपकशेठनी पुन्हा टाकीवर बोलावलंय. ती म्हणते, येईन, पोरगी जरा मोठी होऊ दे. पोरगी साधी खोकली तरी ती अजून तिला उजेडात नेते आणि तिच्या छातीला कान लावून बसते.